बदकाची अंडी : अठ्ठावीस दिवसांची राखण

पक्ष्याला संस्कृतात 'द्विज' असे नाव आहे. एकदा तो अंड्याच्या रूपाने जन्मतो आणि दुसऱ्यांदा ते अंडे फोडून बाहेर येतो, म्हणून तो द्विज. या दोन जन्मांमधला काळ कोंबडीच्या पिलास २१ दिवसांचा, तर बदकाच्या पिलास २८ दिवसांचा असतो. एवढा काळ अंड्याला आईची ऊब मिळावी लागते. ती आईच जर अंड्यांवर बसावयास तयार नसेल, तर तिची उणीव माणसाने कशी भरून काढावी, हा प्रश्न फार जुना आहे. घराच्या एका कोपऱ्यात लाकडी पेटी, विजेचा दिवा आणि पाण्याचे तबक मांडून बसलेल्या हौशी गृहस्थापुढेही तोच प्रश्न असतो.

आई अंड्यांवर का बसत नाही?

मस्कोव्ही ही मूळची अमेरिकेतली जात सोडली, तर पाळीव बदकांच्या बाकीच्या सर्व जाती मॅलार्ड या हिरव्या डोक्याच्या रानबदकाच्या वंशातल्या आहेत. रानबदकी आपली अंडी स्वतः उबविते. छातीवरची मऊ पिसे उपटून ती घरट्याला अस्तर करते. दिवसाकाठी थोडा वेळ उठून चरावयास व पाण्यात डुंबावयास जाते. जाताना त्याच पिसांनी अंडी झाकून ठेवते आणि ओलसर अंगाने परत येऊन बसते. ही रीत तिला कोणी शिकविलेली नसते.

माणसाने पाळलेल्या बदकीत मात्र ही रीत पुष्कळदा उरलेली नसते. खाकी कॅम्पबेल ही अंड्यांसाठी नावाजलेली जात घ्या. इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यात यूली या गावी ॲडेल कॅम्पबेल या बाईंनी १९व्या शतकाच्या अखेरीस ती तयार केली. चांगली निगा राखली तर ही बदकी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. पण ती सहसा खुडूक होत नाही. यात नवल करण्यासारखे काही नाही. मादी खुडूक झाली की तिचे अंडी घालणे थांबते. तेव्हा जास्तीत जास्त अंडी देणाऱ्या माद्याच पिढ्यान् पिढ्या निवडीत गेले, म्हणजे अंड्यांवर न बसणाऱ्या माद्याही आपोआपच निवडल्या जातात. माणसाने अंडी वाढवून घेतली आणि त्याच्या मोबदल्यात बदकीचे आईपण गेले.

खेड्यापाड्यांतून यावर जुना उपाय आहे तो खुडूक कोंबडीचा. तिच्याखाली बदकाची अंडी ठेवली तर ती २१ दिवसांनंतरही आठवडाभर बिचारी निमूटपणे बसून राहते. पुढे पिले डबक्यात शिरली की काठावर तिची जी धांदल उडते, ती पाहिलेला माणूस ती विसरत नाही. पण खुडूक कोंबडी हवी तेव्हा मिळतेच असे नाही, आणि बदकाची अंडी मोठी असल्याने तिच्या पंखांखाली ती थोडीच मावतात. म्हणून यंत्राची गरज पडते.

उबवणीचा जुना शोध

कृत्रिम उबेची कल्पना विजेच्या पुष्कळ आधीची आहे. ईजिप्तमध्ये उकिरड्याच्या उष्णतेवर अंडी उबवीत, असा उल्लेख ॲरिस्टॉटलने केला आहे. पुढे तेथे मातीच्या विटांच्या मोठमोठ्या भट्ट्या झाल्या. तेथील कारागिरांजवळ उष्णतामापक नव्हता. ते अंडे उचलून आपल्या डोळ्याच्या पापणीला लावीत आणि त्यावरून उष्णता ओळखीत. फ्रान्समध्ये रेओम्यूर या शास्त्रज्ञाने उष्णतामापकाच्या साहाय्याने हेच काम करून पाहिले आणि १७४९ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

चीनमध्ये व आग्नेय आशियात बदकाची अंडी भाताच्या कोमट तुसात उबविण्याची पद्धत आहे. तीत एक मोठी खुबी आहे. सुरुवातीला तूस तापवून अंड्यांना ऊब द्यावी लागते. अंडी जुनी होऊ लागली, म्हणजे त्यांच्या आतला वाढता जीव स्वतःच उष्णता देऊ लागतो आणि शेजारी ठेवलेल्या नव्या अंड्यांना तीच ऊब पुरते. पंधरवड्यानंतरचे अंडे हे नुसते ऊब घेणारे राहत नाही, ते ऊब देणारेही होते. घरच्या पेटीपाशी बसणाऱ्याने ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडते.

अंडी कोणती घ्यावीत?

बाजारात खाण्यासाठी येणारी अंडी या कामी बहुधा निरुपयोगी. नराच्या सहवासाशिवाय घातलेल्या अंड्यातून पिलू येत नाही, आणि कितीही उत्तम यंत्र असले तरी ते वांझ अंड्यात जीव घालू शकत नाही. पाच-सहा बदक्यांमागे एक नर असलेल्या कळपातली ताजी अंडी मिळवावीत. बदकी बहुतेक पहाटेच्या सुमारास अंडी घालते. ती सकाळीच उचलली तर चिखलाने फारशी माखत नाहीत. फार लहान, फार मोठी, वेडीवाकडी किंवा तडकलेली अंडी बाजूला काढावीत. गोळा केलेली अंडी थंड जागी ठेवावीत आणि शक्यतो सात दिवसांच्या आत पेटीत मांडावीत.

मळलेली अंडी थंड पाण्याने धुण्याचा मोह टाळावा. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. थंड पाण्याने आतला ऐवज आकसतो आणि बाहेरची घाण त्या छिद्रांतून आत ओढली जाते. धुणे भागच पडले तर पाणी अंड्यापेक्षा अधिक कोमट असावे. असे नासलेले अंडे पेटीच्या उबेत आतल्या वायूने फुगून फुटते आणि शेजारच्या चांगल्या अंड्यांचाही घात करते. तळ्याकाठच्या अडईची किंवा इतर रानपक्ष्यांची अंडी मात्र कोणी कुतूहलानेही उचलू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास बंदी आहे.

ऊब, ओल आणि हवा

आत पंखा असलेल्या, म्हणजे हवा खेळती राहणाऱ्या पेटीत ३७·५ अंश सेंटिग्रेड, म्हणजे ९९·५ अंश फॅरनहाइट, इतके तापमान राखावे. पंखा नसलेल्या पेटीत उष्ण हवा वर व थंड हवा खाली असे थर बनतात. तेथे अंड्यांच्या माथ्याच्या पातळीला उष्णतामापक ठेवून ते ३८·३ अंशांच्या, म्हणजे १०१ अंश फॅरनहाइटच्या आसपास ठेवावे लागते. साध्या उष्णतामापकाच्या बोलण्यावर विसंबून राहू नये. घरात ताप पाहण्याचा चांगला उष्णतामापक असतो. त्याच्याशी पेटीतला एकदा ताडून पाहिला म्हणजे खात्री होते. अंडी मांडण्यापूर्वी रिकामी पेटी एक-दोन दिवस चालवून तापमान स्थिर राहते ना, हे पाहावे.

कमी उष्णतेपेक्षा जास्त उष्णता घातक असते. वीज गेली आणि अंडी दोन-चार तास थंडावली, तर पिले एखादा दिवस उशिरा निघतात, पण पुष्कळदा वाचतात. उलट, थर्मोस्टॅट अडकून पेटी काही तास तापत राहिली तर सगळी मेहनत वाया जाते. म्हणून वीज गेल्यावर घाबरून झाकण उघडू नये. पहिल्या पंधरवड्यात पेटीवर घोंगडी टाकावी. पुढे अंडी स्वतःच उष्णता देत असतात. तेव्हा हवेची भोके मात्र झाकू नयेत. आतल्या जिवाला श्वास हवा असतो, आणि तो कवचाच्या त्याच छिद्रांतून चाललेला असतो.

ऊब सांभाळणे तसे सोपे. ओल सांभाळणे अवघड. त्याच छिद्रांतून अंड्यातले पाणी थोडेथोडे उडून जाते आणि बोथट टोकाशी असलेला वायुकोश मोठा होतो. पिलाला पहिला श्वास याच वायुकोशातून घ्यावयाचा असतो. पाणी फार कमी उडाले तर कोश लहान राहतो आणि पिलू आतल्या पाण्यातच गुदमरते. फार उडाले तर आतले पटल सुकते व पिलू त्यात आवळून अडकते. पहिले २५ दिवस पेटीतली आर्द्रता ५५ ते ६० टक्के असावी, असे म्हणतात ते यासाठीच.

गावोगावची हवा

परंतु हा आकडा राखण्याची रीत प्रत्येक गावी वेगळी. गोव्याच्या पावसाळ्यात खोलीतली हवा २७ अंशांवर ९० टक्के आर्द्र आहे असे धरू. तीच हवा पेटीत ३७·५ अंशांपर्यंत तापली म्हणजे तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ५० टक्के भरते. म्हणजे पाण्याचा एक थेंबही न ठेवता अर्धे काम पावसानेच केलेले असते. तेथे पुस्तकात सांगितले म्हणून मोठे तबक काठोकाठ भरणारा माणूस पिलांना बुडवितो. इंदूरच्या मे महिन्यात याच्या अगदी उलट प्रकार. दुपारच्या कोरड्या हवेत पेटीतली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाऊ शकते. तेथे पसरट तबक, त्यात बुडविलेले फडके, आणि दोन वेळा पाणी भरणे आवश्यक ठरते. माळव्यातल्या थंडीतली हवाही अशीच फसवी असते. अंगाला गार लागते, पण पेटीत तापली की ती कोरडी ठणठणीत होते.

ग्वाल्हेरकडच्या उन्हाळ्यात तर वेगळेच संकट उभे राहते. बाहेरची हवा ४३-४४ अंशांवर गेली म्हणजे दिवा पूर्ण विझला तरी पेटी ३७·५ अंशांवर येत नाही. घरचे यंत्र ऊब देऊ जाणते, ऊब काढून घेऊ जाणत नाही. तेव्हा तेथे फेब्रुवारी-मार्च किंवा पावसाळा सरल्यानंतरचा काळ निवडावा, आणि पेटी जाड भिंतींच्या, उन्हापासून आडोशाच्या खोलीत ठेवावी. बेळगावच्या सौम्य हवेत ही चिंता पुष्कळच कमी.

आपल्या गावची हवा अंड्यांना मानवते की नाही, हे ओळखण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग स्वयंपाकघरातच आहे. तो म्हणजे ग्रॅम दाखविणारा तराजू. २५ दिवसांत अंड्याचे वजन सुमारे १३ टक्क्यांनी घटावे. ७० ग्रॅमचे अंडे आठवड्याला अडीच ग्रॅमच्या हिशेबाने घटत गेले आणि २५व्या दिवशी ६१ ग्रॅमवर आले, तर सारे ठीक चालले आहे असे समजावे. फार घटत असेल तर पाण्याचे भांडे पसरट करावे. घटतच नसेल तर ते लहान करावे. आकड्यांचे कोष्टक सर्वांना एकच असते. तराजू मात्र आपल्या घरच्या अंड्याची हकीकत सांगतो.

कूस बदलणे आणि वारा देणे

बसलेली मादी चोचीने अंडी पुनःपुन्हा फिरविते. अंडे एकाच कुशीवर राहिले तर गर्भ आतल्या पटलाला चिकटतो आणि त्याचे पोषणही नीट होत नाही. म्हणून अंड्याच्या एका बाजूस पेन्सिलीने फुली व दुसऱ्या बाजूस गोल काढावा आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा ते अर्धे फिरवावे. ही संख्या विषम असावी, म्हणजे रात्रीची लांब वेळ आज एका कुशीवर जाते, उद्या दुसऱ्या. हात स्वच्छ आणि कोरडे असावेत.

सातव्या-आठव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंडे दिव्यासमोर धरून पाहावे. जिवंत अंड्यात एक काळसर ठिपका आणि त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात. घरातील मुलांना हे दृश्य अवश्य दाखवावे. पुस्तकातल्या दहा चित्रांनी होणार नाही इतके ज्ञान त्या एका क्षणात होते. जे अंडे निव्वळ पारदर्शक दिसते ते वांझ; ज्यात केवळ रक्ताचे कडे दिसते त्यातला जीव गेलेला. अशी अंडी काढून टाकावीत.

दहाव्या दिवसापासून बदकाच्या अंड्यांसाठी आणखी एक गोष्ट करण्याचा प्रघात आहे. रोज एकदा झाकण उघडून अंडी दहा-पंधरा मिनिटे निवू द्यावयाची आणि कोमट पाण्याचा हलका शिडकावा करून झाकण पुन्हा लावावयाचे. रानबदकी चरावयास उठते आणि ओल्या अंगाने परतते, तिचेच हे अनुकरण. बदकाचे अंडे मोठे व स्निग्धांशाने समृद्ध असते. तुसाच्या पद्धतीत जी उष्णता शेजाऱ्यांच्या उपयोगी पडते, ती पेटीत साचू नये म्हणून हा वारा उपकारक ठरतो. जेथे हवा मुळातच दमट आहे तेथे शिडकाव्याला आवर घालावा.

शेवटचे तीन दिवस

२५व्या दिवशी अंडी फिरविणे, निवविणे, शिंपडणे सगळे बंद करावे. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर न्यावी आणि झाकण लावून टाकावे. येथपर्यंत माणसाने पुष्कळ करावयाचे होते. येथून पुढे त्याने काही न करणे हेच काम आहे, आणि ते सर्वांत कठीण आहे.

२६व्या दिवसाच्या सुमारास पिलू आतले पटल भेदून चोच वायुकोशात घालते आणि आयुष्यातला पहिला श्वास घेते. कान लावला तर आतून चिवचिव ऐकू येते. मग चोचीच्या टोकावरच्या बारीक टणक दाताने ते कवचाला एक टवका पाडते. घरात आनंदीआनंद होतो. आणि त्यानंतर काहीच होत नाही. सकाळ जाते, संध्याकाळ होते, रात्र उलटते. टवका तेवढाच राहतो. मुले रडकुंडीला येतात, 'बिचारे दमले असेल, थोडे कवच सोलून द्या', अशी घरातली वडील माणसेही सुचवितात. याच घडीला अनेक पिले प्रेमापोटी मारली जातात.

कारण बाहेरून शांतता दिसत असली तरी आत मोठे स्थलांतर चाललेले असते. इतके दिवस कवचालगतच्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून पिलाचा श्वास चालत होता. तो कारभार आता फुप्फुसांकडे येत असतो. त्या वाहिन्यांतले रक्त हळूहळू पिलाच्या अंगात परतत असते आणि उरलेला पिवळा बलक बेंबीवाटे पोटात ओढला जात असतो. ही देवाणघेवाण पुरी होण्यापूर्वी कवच सोलले तर भरलेली शीर तुटते, आणि पिलू मुक्त होते ते रक्तस्रावाने मरण्यासाठी. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो तेव्हा हसेच होते. येथे मात्र उतावीळपणाची किंमत जिवाने मोजली जाते.

बदकाच्या पिलास पहिल्या टवक्यापासून बाहेर येण्यास २४ ते ४८ तास लागू शकतात. आत सर्व सिद्ध झाले की ते स्वतःभोवती फिरत फिरत कवचाची टोपी कापते आणि पायांनी रेटा देऊन ती उडविते. झाकण वारंवार उघडले तर ओलसर हवा निघून जाते आणि पटल सुकून चामड्यासारखे होते. म्हणजे मदतीच्या हेतूनेच मदतीची वेळ ओढवते. ४८ तास उलटून गेले आणि पटल कोरडे, तपकिरी पडलेले दिसले, तरच कोमट पाण्याने ते हलकेच भिजवावे. तांबडी शीर दिसली की हात तेथेच थांबवावा.

पिले बाहेर आल्यावर

पिले वाळून मऊ लव फुलेपर्यंत पेटीतच ठेवावीत. पोटात गेलेला बलक त्यांना दिवसभर पुरतो, तेव्हा खाण्याची घाई नसते. नंतर पहिल्या आठवड्यात ३२ अंशांची ऊब आणि पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी, असा क्रम ठेवावा. पाणी चोच व नाकपुड्या बुडतील इतके खोल असावे, अंग बुडेल इतके नसावे. भिजलेल्या पिलास पंखांखाली घेणारी आई येथे नाही.

खाण्याच्या बाबतीत दोन गोष्टी विसरू नयेत. नायसिन हे जीवनसत्त्व बदकाच्या पिलांना कोंबडीच्या पिलांपेक्षा अधिक लागते. ते कमी पडले तर पाय वाकतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. १९६० साली इंग्लंडात टर्की पक्ष्यांची एक लाखावर पिले एका गूढ रोगाने दगावली, आणि बदकाची पिलेही मेली. शोधाअंती कारण निघाले ते बुरशी आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतले अफ्लाटॉक्सिन हे विष. बदकाचे पिलू या विषाला इतके हळवे असते की पुढे ते विष ओळखण्यासाठी एक दिवसाचीच पिले वापरीत. शेंगदाण्याची पेंड घरोघर मिळणाऱ्या आपल्या प्रदेशात, बुरसटलेली मूठभर पेंड 'वाया कशाला घालवा' म्हणून पिलांपुढे टाकू नये.

यंत्र एक गोष्ट मात्र देऊ शकत नाही. ऑस्ट्रियाचे कॉनराड लोरेन्झ यांनी १९३५ मध्ये दाखवून दिले की अंड्यातून निघालेली बदके व हंसजातीची पिले जी पहिली हलती वस्तू पाहतात तिलाच आई मानून तिच्यामागे चालू लागतात. या व अशा अभ्यासासाठी त्यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मॅलार्डच्या पिलांनी आपल्याला आई मानावे म्हणून त्यांना गवतात उकिडवे बसून, बदकीसारखे ओरडत चालावे लागले होते. घरच्या पेटीचे झाकण उघडणाऱ्याने हे जाणूनच ते उघडावे. २८ दिवस ज्याने ऊब आणि ओल सांभाळली, वेळेवर कूस बदलली आणि शेवटी हात आवरून धरला, त्याच्याच पावलांमागे ही पिले अंगणात निघतात. पिलाचा दुसरा जन्म झाला म्हणजे यंत्राचा दिवा मालवावयास हरकत नसते. राखणदाराची पाळी मात्र संपलेली नसते.